कराची थकबाकी : ती टाळावी कशी आणि फेडावी कशी

कर्ज हा शब्द कानी पडताच आपल्या डोळ्यांपुढे सावकार, पेढी किंवा बँक उभी राहते. एकाने गरजेपोटी पैसे मागितले, दुसऱ्याने ते दिले, आणि मग फेडीची चिंता सुरू झाली, असा कर्जाचा नेहमीचा क्रम असतो. परंतु एक ऋण असे आहे की, ते कोणी मागून घेत नाही, ते होताना हातात एक पैही पडत नाही, आणि पुष्कळदा ते आपल्या शिरावर चढले आहे याची खबरही घरधन्यास नसते. हे ऋण म्हणजे कराची थकबाकी होय.

शाळेच्या वार्षिक अंकात हा रुक्ष विषय कशासाठी, असे कोणी विचारील. आमचे उत्तर असे की, आपल्या शहरातील कित्येक घरांत सरकारी कागद प्रथम वाचून दाखविण्याचे काम आठवी-नववीतील मुलामुलींकडेच येते. शिवाय सरळव्याज, शेकडेवारी आणि अर्जलेखन हे तिन्ही विषय आपण वर्गात शिकतो. त्यांचा घरच्या घरी उपयोग करावयाचा तो याच प्रसंगी. म्हणून विद्यार्थी व पालक या दोघांसाठीही हा पाठ आम्ही लिहीत आहो.

प्रथम थोडा इतिहास पाहू. कारण कराच्या थकबाकीने काय अनर्थ होतो, याचे ठळक उदाहरण आपल्याच जिल्ह्यात घडले आहे. इंग्रजी अमलात शेतसारा रोख रकमेत व ठराविक हप्त्यांनी भरावा लागे. पीक बुडो वा तरो, हप्त्याची तारीख टळत नसे. इंदापूर तालुक्यात १८३६ साली ठरलेल्या साऱ्याची तीस वर्षांची मुदत संपताच १८६७ साली फेरआकारणी झाली व सारा पुष्कळच वाढला. अमेरिकेतील यादवी युद्ध १८६५ साली संपल्यावर कापसाचे चढलेले भाव खाली आले होते. हातात पैसा नाही आणि सरकारी देणे तर चुकविता येत नाही, अशा पेचात सापडलेला शेतकरी सावकाराच्या दारी जाई व तो पुढे करील त्या रोख्यावर अंगठा उठवी. त्या रोख्यात काय लिहिले आहे, हे बहुतेकांस वाचता येत नव्हते. सरकारचे देणे फिटे, परंतु त्याच्या जागी सावकाराचे त्याहून भारी देणे उभे राही. अखेरीस १२ मे १८७५ रोजी भीमथडी तालुक्यातील सुपे या गावी बाजाराच्या दिवशी लोकांचा संताप अनावर झाला. सावकारांच्या घरांवर व दुकानांवर जमाव चालून गेला, आणि रोखे व खतपत्रे यांची होळी झाली. पुणे व अहमदनगर या दोन जिल्ह्यांत हे दंगे पसरले. सरकारने चौकशी नेमली, व १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांच्या संरक्षणार्थ स्वतंत्र कायदा झाला.

याच्या सुमारे वीस वर्षांनंतरचा प्रसंगही ध्यानात ठेवण्याजोगा आहे. १८९६-९७ सालच्या दुष्काळात पुण्याच्या सार्वजनिक सभेने व लोकमान्य टिळकांनी ‘केसरी’तून एक साधी गोष्ट केली. दुष्काळाविषयी सरकारनेच जे नियम करून ठेविले होते, ते सभेने मराठीत छापून खेडोपाडी पोचविले. पीक बुडाले असता साऱ्याची सूट किंवा तहकुबी मागण्याची सोय त्या नियमांतच आहे. तेव्हा गुरेढोरे विकून किंवा नवे कर्ज काढून सारा भरू नका, तर रीतसर अर्ज करा, असा तो उपदेश होता. सरकारास तो रुचला नाही, व १८९७ साली सभेची मान्यता काढून घेण्यात आली. परंतु त्यातील शिकवण आजही तितकीच खरी आहे. १८७५ सालच्या शेतकऱ्याला कागद वाचता येत नव्हता व आपला हक्क ठाऊक नव्हता. १८९६ साली कोणीतरी तो कागद वाचून दाखविला. कराच्या देण्यातून तरण्याचा पहिला उपाय हाच की, कागद वाचावा आणि मुदतीच्या आत बोलावे.

आता आजच्या पुण्याकडे वळू. शहरातील घरमालकाच्या वाट्यास येणारा मुख्य स्थानिक कर म्हणजे मिळकतकर, ज्यास जुनी माणसे घरपट्टी म्हणतात. पुणे महानगरपालिका १५ फेब्रुवारी १९५० रोजी अस्तित्वात आली. तीच हा कर आकारते. त्यात सर्वसाधारण कर, सफाई, अग्निशमन, वृक्षसंवर्धन, शिक्षण अशा निरनिराळ्या बाबी असतात. वर्ष एप्रिलपासून मार्चपर्यंत धरतात व कराचे दोन सहामाही भाग पडतात. आरंभीच्या मुदतीत संपूर्ण वर्षाचा कर भरणाऱ्यास सर्वसाधारण करात काही टक्के सूट देण्याची वहिवाट आहे. याउलट मुदत टळली की, थकलेल्या रकमेवर दरमहा शेकडा २ प्रमाणे शास्ती चढू लागते.

शेकडा २ हा आकडा कानाला लहान लागतो. विद्यार्थिमित्रांनो, आता पाटी घ्या आणि हिशेब करा. दरमहा २ म्हणजे वर्षाला २४ टक्के. एका घराचा वार्षिक कर रुपये १२,००० आहे व तो पाच वर्षे भरलेलाच नाही, असे समजू. हिशेब सोपा व्हावा म्हणून प्रत्येक बिल आपापल्या वर्षारंभीच थकले असे धरू. एका बिलावर एका वर्षाची शास्ती रुपये २,८८० होते. पाचव्या वर्षाच्या अखेरीस पहिले बिल पाच वर्षे, दुसरे चार, तिसरे तीन, चौथे दोन व पाचवे एक वर्ष थकलेले असेल. म्हणजे एकंदर पंधरा वर्षांची शास्ती झाली. २,८८० गुणिले १५ म्हणजे रुपये ४३,२००. मूळ कर रुपये ६०,०००. एकूण देणे रुपये १,०३,२००. जो कर महिन्याला रुपये १,००० बाजूस टाकून सहज भरता आला असता, तो आता लाखाच्या वर गेला. आणखी एक गोष्ट पाहा : कोणतेही एक बिल ५० महिने थकले की, त्यावरील शास्ती मूळ कराइतकी होते. काट्याचा नायटा होतो म्हणतात, तो असा.

थकबाकी नेहमी पैशाच्या अभावीच होते असे नाही. पुष्कळदा ती एका न भरलेल्या अर्जापायी होते. पुण्यात घरमालक स्वतःच्या घरात राहत असल्यास कराच्या आकारणीत ४० टक्के सवलत देण्याची पद्धत १९७० सालापासून चालत आली होती. हिशेबतपासणीतील आक्षेपानंतर २०१९ साली ती बंद पडली, आणि २०२३ साली राज्य शासनाने ती पुन्हा दिली. परंतु २०१९ नंतर नव्याने नोंदलेल्या, तसेच ज्यांची सवलत मध्यंतरी निघाली अशा घरमालकांना ती आपोआप मिळाली नाही. आपण स्वतः त्या घरात राहतो याचा पुरावा जोडून पी. टी. ३ नावाचा अर्ज देणे आवश्यक ठरले. ज्यांनी तो दिला नाही, त्यांच्या बिलात पूर्ण आकारणी होत राहिली. ‘एवढे बिल आमचे नव्हेच’ असे म्हणून कित्येकांनी ते बाजूस ठेविले. आणि बाजूस ठेविलेल्या बिलावर शास्ती चढत राहिली. बिल चुकीचे वाटणे व बिल रद्द होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हरकत घ्यावयाची असेल तर ती लेखी व मुदतीत घेतली पाहिजे. मनातल्या हरकतीस कोणत्याही कचेरीत नोंद नसते.

या देण्याचा आणखी एक विशेष असा की, मिळकतकराचा बोजा माणसाइतकाच त्या वास्तूवर असतो. जुने घर विकत घेताना पहिल्या मालकाची थकबाकी तपासली नाही, तर ती नव्या मालकाच्या दारी येते. म्हणून खरेदीखतापूर्वी थकबाकी नसल्याचा दाखला मागावा. थकबाकी फारच लांबली तर कायद्याने जप्तीची, मोहोर लावण्याची व लिलावाची वाट मोकळी आहे. अलीकडच्या वर्षांत तर थकबाकीदारांच्या दारापुढे बँड वाजविण्याचा उपायही पुण्यात योजिला गेला. लग्नघरापुढे वाजणारी वाद्ये अशा कारणासाठी दारात वाजावीत, यापरते लाजिरवाणे काय!

दुसरा कर म्हणजे आयकर. हिंदुस्थानात तो जेम्स विल्सन यांनी १८६० साली प्रथम आणिला. पुढे १९२२ व १९६१ साली त्याचे मोठे कायदे झाले, आणि २०२५ साली संसदेने नवा कायदा संमत करून त्याच्या अमलाची तारीख १ एप्रिल २०२६ ठरविली. कलमांचे क्रमांक बदलले, तरी सामान्य गृहस्थास लागू पडणारी तत्त्वे तीच राहिली आहेत.

नोकरदार मनुष्य म्हणतो, ‘माझा कर पगारातूनच कापला जातो, मला थकबाकी कशी होईल?’ ती तीन वाटांनी होते. पहिली वाट मुदतठेवीच्या व्याजाची. बँक व्याजावर बहुधा १० टक्के कर कापते. परंतु ठेवीदाराचे उत्पन्न त्याहून वरच्या दराच्या पायरीवर असेल, तर उरलेला कर त्याने स्वतः भरावयाचा असतो. दुसरी वाट वर्षाच्या मध्यावर नोकरी बदलण्याची. दोन्ही मालक आपापल्या पगारापुरताच हिशेब करतात, व दोन्हींची बेरीज झाली म्हणजे कर कमी कापला गेल्याचे उघड होते. तिसरी वाट शिकवण्या, घरभाडे, लहानसा व्यापार अशा जोडउत्पन्नाची, ज्यातून कोणीच काही कापत नाही.

यासाठीच अग्रिम कराची योजना आहे. कापलेला कर वजा जाता वर्षाचा कर रुपये १०,००० किंवा अधिक निघणार असेल, तर तो चार हप्त्यांनी भरावयाचा असतो : १५ जूनपर्यंत १५ टक्के, १५ सप्टेंबरपर्यंत एकूण ४५ टक्के, १५ डिसेंबरपर्यंत ७५ टक्के आणि १५ मार्चपर्यंत संपूर्ण. न भरल्यास साधारणपणे दरमहा शेकडा १ प्रमाणे व्याज लागते. आपले पुणे हे पेन्शनरांचे शहर म्हणून प्रसिद्ध आहे. अशा घरांतील साठ वर्षांवरील ज्येष्ठांस, त्यांचे धंद्याचे उत्पन्न नसल्यास, अग्रिम कराची सक्ती नाही. परंतु कराची माफी आहे असा त्याचा अर्थ नव्हे. विवरणपत्र देण्यापूर्वी तो भरलाच पाहिजे.

आयकराची मागणी निघाली की, ती फेडण्यास साधारणपणे ३० दिवसांची मुदत मिळते. त्यानंतर पुन्हा दरमहा शेकडा १ प्रमाणे व्याज सुरू होते. मौन धरल्यास खाते बँकेतील शिल्लक किंवा पगार यांतूनही वसुली करू शकते. काही काळाने सरकार विसरून जाईल, या आशेवर राहणाऱ्यांसाठी एक गोष्ट सांगतो. १ फेब्रुवारी २०२४ च्या अंतरिम अर्थसंकल्पात अर्थमंत्र्यांनी जुन्या किरकोळ मागण्या सोडून देण्याचे जाहीर केले : २००९-१० पर्यंतच्या काळातील रुपये २५,००० पर्यंतच्या, व २०१०-११ ते २०१४-१५ या काळातील रुपये १०,००० पर्यंतच्या. त्यांतील कित्येक मागण्या १९६२ सालापासून वह्यांत उभ्या होत्या, असे त्यांनी सांगितले. किरकोळ रकमाही सरकार साठ वर्षे विसरले नव्हते, हे यावरून दिसेल.

मौन किती महाग पडते, याचे एक उदाहरण आमच्या पाहण्यात आले. काही वर्षांपूर्वी एका विद्यार्थिनीचे वडील मुलीचा शाळा सोडल्याचा दाखला मागण्यास आले. मुलगी नववीत होती व अभ्यासात चांगली होती. खोदून विचारता कळले की, त्यांनी वर्षाच्या मध्यावर नोकरी बदलली होती, विवरणपत्रात पहिल्या नोकरीचा पगार दाखविणे राहून गेले होते, व त्याबद्दल आलेली आयकराची मागणी चौदा महिने कपाटात पडून होती. घरी त्यांनी कोणास सांगितले नव्हते. पुण्यातील बिऱ्हाड मोडून गावी जावे आणि पत्नीच्या बांगड्या विकून देणे फेडावे, असा त्यांचा बेत होता. आमच्या शाळेतील गणिताच्या शिक्षकांनी तो कागद उलगडून त्यांच्यासमवेत हिशेब मांडला. तेव्हा असे आढळले की, पहिल्या मालकाने कापलेला कर वजावटीस धरलाच गेला नव्हता. दुरुस्तीचा अर्ज केल्यावर मागणी निम्म्याहून खाली आली, व उरलेली रक्कम हप्त्यांनी भरण्याची परवानगी मिळाली. चौदा महिन्यांचे व्याज मात्र त्यांना द्यावेच लागले. दाखल्याचा अर्ज त्यांनी मागे घेतला, व पुढल्या वर्षी ती मुलगी दहावी उत्तीर्ण झाली. झाकली मूठ सव्वा लाखाची, ही म्हण इतरत्र खरी असेल. कराच्या बाबतीत झाकलेल्या मुठीतून पैसा गळतच असतो.

आता थकबाकी झालीच असेल तर काय करावे, ते क्रमाने सांगतो.

पहिली गोष्ट, लखोटा उघडावा आणि पाच बाबी वहीत उतरून घ्याव्यात : कर कोणता, वर्ष कोणते, मूळ रक्कम किती, व्याज किंवा शास्ती किती, आणि शेवटची तारीख कोणती.

दुसरी, कागद खरा आहे की नाही हे पाहावे. कराच्या नावाखाली दूरध्वनी करून धाक घालणारे व तात्काळ पैसे मागणारे भामटे पुष्कळ झाले आहेत. आयकर खात्याच्या पत्रांवर १ ऑक्टोबर २०१९ पासून संगणकाने दिलेला दस्तऐवज ओळख क्रमांक असतो, व तो खात्याच्या संकेतस्थळावर पडताळून पाहता येतो. फोनवर सांगितलेल्या खात्यात कधीही पैसे भरू नयेत.

तिसरी, हिशेब बरोबर आहे काय ते तपासावे. भरलेल्या पावत्या, कापलेला कर, लागू असलेली सवलत, घराचे क्षेत्रफळ, हे सर्व ताडून पाहावे.

चौथी, जेवढी रक्कम आपणास मान्य आहे, तेवढी विनाविलंब भरावी. संपूर्ण रक्कम जमेपर्यंत थांबणे हे धोरण बरे नव्हे. जेवढे मूळ देणे कमी होईल, तेवढ्यावरचे व्याज त्या दिवसापासून थांबते.

पाचवी, उरलेल्या रकमेविषयी लेखी अर्ज करावा. चूक असल्यास दुरुस्तीचा, ऐपत नसल्यास हप्त्यांचा. अपिलाची वाटही आहे, परंतु तिच्या मुदती फार थोड्या असतात. आणि मिळकतकराच्या अपिलात वादातील रक्कम आधी भरावी लागते. प्रत्येक अर्जाची पोच घ्यावी. पोच नसलेला अर्ज हा न केलेल्या अर्जासारखाच होय.

सहावी, कर भरण्यासाठी कर्ज काढणे अटळ असेल, तर दरांची तुलना करावी. आयकराचे व्याज महिन्याला शेकडा १ व महानगरपालिकेची शास्ती शेकडा २ आहे. खाजगी सावकार महिन्याला शेकडा ३ किंवा ५ मागत असेल, तर त्याच्याकडून घेऊन कर भरणे म्हणजे सुप्याच्या शेतकऱ्याचीच वाट पुन्हा चालणे होय. बँकेचा दर शास्तीहून कमी असेल, तर मात्र तो विचार योग्य ठरू शकतो.

शास्तीत सूट देणाऱ्या अभय योजना मधूनमधून निघतात. पुण्यातही २०२० साली अशी योजना निघाली होती. निघाल्यास तिचा लाभ अवश्य घ्यावा, परंतु तिची वाट पाहत कर थकवू नये. ती येईल की नाही हे कोणी सांगू शकत नाही. शास्ती मात्र दरमहा न चुकता येते. तसेच घरातील कर्ता पुरुष निवर्तला असता वारसांनी घाबरून जाऊ नये. मृताच्या आयकराची जबाबदारी वारसावर येते ती वारशाने आलेल्या मालमत्तेपुरतीच. त्यापलीकडे स्वतःच्या कमाईतून ती फेडण्याचे बंधन नाही.

आणि हे सर्व टाळावयाचे असेल, तर एक सवय पुरेशी आहे. घरात येणाऱ्या पैशातील कराचा वाटा आपला नव्हेच, असे आरंभापासून मानावे. किराणा, दूध, शाळेची फी यांप्रमाणे जमाखर्चाच्या वहीत कराचे एक स्वतंत्र पान असावे. वार्षिक कराचा बारावा भाग दरमहा वेगळ्या खात्यात टाकावा. बोनस, ठेवीचे व्याज किंवा शिकवणीचे पैसे आले की, त्यातील कराचा अंश त्याच दिवशी काढून ठेवावा. पत्ता किंवा भ्रमणध्वनीचा क्रमांक बदलल्यास कचेरीस कळवावे. कारण जुन्या पत्त्यावर गेलेली नोटीस आपल्या हाती पडली नाही, तरी मुदत आपल्यासाठी थांबेलच असे नाही. पावत्या एका जाड पाकिटात वर्षवार लावाव्यात.

पालकांस आमची एक विनंती आहे. देणे झाले असेल तर ते घरात लपवू नका. मुलांसमोर पैशाचे बोलू नये ही आपली जुनी रीत आहे, व तिच्यात माया आहे हे आम्ही जाणतो. परंतु घरावर संकट आहे हे मुले चेहऱ्यावरून ओळखतातच. त्यांना केवळ त्याचे कारण कळत नाही, आणि ती कल्पनेने त्याहून भयंकर कारण योजतात. वहीतील आकडा भीतीपेक्षा नेहमीच लहान असतो.

विद्यार्थिमित्रांनो, या सुट्टीत वडिलांची किंवा आईची परवानगी घेऊन घरातील मिळकतकराचे बिल मागा. मूळ कर, सवलत, मागील बाकी व शास्ती ही चार आकडेवार पदे त्यात शोधा, आणि भरण्याची शेवटची तारीख दिनदर्शिकेवर लाल शाईने लिहा. भाड्याच्या घरात राहत असाल तर वीजबिलावर हाच अभ्यास करा. एवढ्याने कोणी अर्थशास्त्रज्ञ होणार नाही. परंतु समोर आलेला कागद न वाचता त्यावर अंगठा उठविण्याची किंवा तो न उघडता कपाटात ठेवण्याची पाळी तुमच्यावर कधी येणार नाही.